चौदा नंबरची बटणं

कोटांच्या कारखान्यात बटणांचा हॉल वरच्या मजल्यावर होता. खाली शिलाई मशिनांचा खडखडाट, वर मात्र शांतता, कारण या कारखान्यात कोटाचं बटण हातानंच लागायचं. हॉलमध्ये एकोणीस बायका बसत आणि त्यांतल्या अठरा जणींना बटण लावता येत असे. एकोणिसावी म्हणजे चौदा नंबर.

कारखान्यात नावापेक्षा नंबर चालतो. जिनं काम केलं तिच्या नंबरची चिठ्ठी कोटाच्या बाहीला टाचायची, म्हणजे पुढे काही बिनसलं तर खडे कोणाच्या नावानं फोडायचे ते कळतं. पहिल्या वर्षी चौदा नंबरच्या नावानं इतके खडे फुटले की त्यांत एखादा रस्ता झाला असता. बाई कामचुकार नव्हती. वेळेवर यायची, मान मोडून बसायची, बोटं टोचून घ्यायची. पण हाताला शिवणच नव्हतं. तिनं लावलेलं बटण गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत टिकलं तर ते गिऱ्हाइकाचं पुण्य, असं थोरली मावशी म्हणायची. मावशी हॉलमधली सगळ्यांत जुनी आणि तोंडानं फटकळ. तिचं बोलणं कोणी मनावर घेत नसे आणि विसरतही नसे.

मग अशी बाई तिथे टिकली कशी? त्याचं उत्तर शोधायला सहावीच्या वर्गात जावं लागतं.

सहावीला आठवड्यातून दोनदा शिवणाचा तास असायचा. शिवणाच्या बाई ठेंगण्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि शिवण शिकवायचा त्यांना मनापासून कंटाळा. पोरींनाही तो दिसायचा. टाका कसा घालायचा हे दहा मिनिटांत दाखवून झालं की बाई खुर्चीत बसत, पिशवीतून जाडजूड कादंबरी काढत आणि मोठ्यानं वाचायला लागत. नियम एकच होता. एकीची जरी सुई थांबली तरी वाचन बंद. आणि सुया थांबायच्या त्याही नेमक्या कुठे? दाराची कडी हलतेय, बाहेर कोण आहे ते आता कळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची कोणीतरी आ वासून बसायची आणि पुस्तक मिटायचं. मग उरलेल्या पस्तीस जणी तिच्याकडे अशा बघायच्या की ती बिचारी पुढचा महिनाभर झोपेतसुद्धा टाके घालत असेल.

चौदा नंबरची सुई कधी थांबली नाही, पण चालली तीही भलतीकडेच. एकदा बाईंनी तिचा रुमाल हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला आणि शांतपणे विचारलं, "हे तू शिवलंस, की तुझ्यावर कोणी सूड उगवलाय?"

वर्ग खो खो हसला. पोरगी रडायच्या बेतात. बाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि त्या जागी कादंबरी ठेवली. "हाताला वळण नाही तुझ्या. जिभेला लावून बघू. वाच."

ती वाचायला लागली ती सुसाट. मागे कुत्रं लागल्यासारखी. बाईंनी टेबलावर कात्री आपटली. "गाडी चुकतेय का तुझी? वाक्य संपलं की दम घे. तुला नको असला तरी ऐकणाऱ्याला लागतो. आणि शेवटचा शब्द गिळू नकोस, खाली ठेव. अलगद." ते सगळं वर्ष असंच गेलं. पोरी शिवत, ती वाचे आणि बाई डोळे मिटून चुका काढत. वर्ष संपलं तेव्हा कादंबरीची शंभरेक पानं उरली होती. बाईंनी पुस्तक तिच्या दप्तरात कोंबलं आणि म्हणाल्या, "शेवट कळल्याशिवाय मरू नये माणसानं. सुट्टीनंतर परत आण."

सुट्टीत तिनं ते तीनदा वाचलं. त्यानंतर ती कधी थांबलीच नाही. दहावीनंतर वडील अंथरुणाला खिळले, शाळा सुटली, पण वाचनालयाचं कार्ड सुटलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली. मुलीला मांडीवर झोपवताना एका हातात पुस्तक असायचं आणि पान उलटायची वेळ आली की सासूबाई म्हणायच्या, "आण इकडे, मी उलटते. पोरगी उठवशील." नवरा टायर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्यानं आयुष्यात एक पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं, पण बायकोकडून ऐकलेली निदान पन्नास. घर चालवायला दुसरा पगार हवा झाला आणि गावातला एकच कारखाना बायकांना घेत होता, तो हा कोटांचा, आणि जागा रिकामी होती ती नेमकी बटणांच्या हॉलमध्ये. नशिबाला विनोदाचं अंग असतं ते असं.

वाचन हॉलमध्ये शिरलं ते भांडणाच्या मागोमाग. अठरा बायका, मोकळी तोंडं, दिवसाचे आठ तास. कोण कोणाला काय म्हणाली यावरून एकदा दोन जणींचं इतकं जुंपलं की मधल्या टेबलावरची बटणांची पेटी खाली आली आणि अर्धा दिवस सगळ्या गुडघ्यांवर. जेवणाच्या सुट्टीत चौदा नंबर नेहमीप्रमाणे डब्याला पुस्तक टेकवून वाचत होती. मावशी वैतागून म्हणाली, "ए, मनातल्या मनात काय खातेस एकटी? मोठ्यानं वाच. निदान या दोघींची तोंडं तरी बंद होतील."

तिनं वाचलं. एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट होती. नवरा नदीपार गेलेला परत आला नाही आणि बायकोनं नाव स्वतःच्या हातात घेतली. घंटा झाली तेव्हा नदीला पाणी चढत होतं. चौदा नंबरनं पुस्तक मिटलं आणि अठरा जणी एकदम ओरडल्या, "अगं, पुढे?"

"पुढे माझे कोट कोण करणार? छत्तीस पडलेत."

मावशीनं मनातल्या मनात भागाकार केला. "आम्ही अठरा. दोन दोन घेतो. तशीही तुझी बटणं आम्हालाच परत लावावी लागतात."

तेव्हापासून हा शिरस्ता पडला. सकाळी प्रत्येक जण चौदा नंबरच्या गठ्ठ्यातले दोन कोट उचलायची, तिची चिठ्ठी इमानदारीनं टाचायची, आणि चौदा नंबर खिडकीजवळच्या स्टुलावर बसून वाचायची. शिवणाच्या बाईंचा नियम तिनं जसाच्या तसा लावला. सुई थांबली की वाचन थांबलं. पहिल्या आठवड्यात चारदा थांबलं, नंतर कधीच नाही. सुपरवायझरला ठाऊक होतं, पण त्यालाही नावाड्याच्या बायकोचं पुढे काय झालं ते हवं होतं. दाराशी उभा राहून तो अर्धा अर्धा तास हजेरीचा कागद न्याहाळायचा.

सात महिने असे सुखात गेले. कित्येक पुस्तकं संपली आणि सगळ्यांच्या आग्रहानं नावाड्याच्या बायकोच्या गोष्टीचा दुसरा भाग लागला, त्यात नदीला पुन्हा पूर आला होता. मग नव्या मॅनेजर मॅडम आल्या, आणि त्यांच्याबरोबर तपासणीच्या टेबलावर नवी बाई आली, डोळ्याला भिंग लावून बसणारी. तिचं नाव पहिल्याच दिवशी भिंगवाली पडलं.

आता गंमत बघा. सगळ्या कोटांना एकीनंच बटणं लावून चौदाची चिठ्ठी टाचली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. पण या शहाण्यांनी न्यायानं वाटून घेतलं आणि तिथेच फसल्या. बटण वरून सगळ्यांचं सारखं दिसतं. मागची गाठ मात्र ज्याची त्याची. कोणी दोरा तीनदा गुंडाळते, कोणी चारदा, डावरीचा वेढा उलटा जातो, मावशी शेवटी एक आडवा टाका घालते जो जगात दुसरं कोणी घालत नाही. भिंगवालीनं चौदा नंबरचा गठ्ठा उलटा केला, दोन तास मान वर केली नाही, आणि मग मॅडमच्या खोलीत जाऊन सांगितलं, "या एका बाईच्या कोटांवर अठरा जणींचे हात आहेत."

गुरुवारी चौदा नंबरला बोलावणं आलं. मॅडम आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. तसल्यांचीच जास्त भीती वाटते. "सात महिने तुम्ही एकही बटण लावलेलं नाही. खरं?"

"खरं."

"सोमवारी निर्णय सांगते. तोवर येऊ नका."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो हात धूत होता. धूत राहिला. मग म्हणाला, "नोकरी गेली तर गेली. टायर काय फुटायचे थांबणार नाहीत." हे बोलला खरा, पण मुलीच्या कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. तिला मात्र नोकरीपेक्षा दुसरंच खात होतं. त्या खिडकीजवळचं स्टूल जाणार. बायका पुन्हा आठ तास एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसणार आणि नावाड्याची बायको भर पुरात तशीच उभी राहणार.

शनिवारी दुपारी तिच्या पायांनी तिला शिवणाच्या बाईंच्या दारात नेऊन उभं केलं. तेहतीस वर्षांत ती एकदाही गेली नव्हती, याची तिला जिन्यावरच लाज वाटली. बाई भाच्याकडे राहत. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीला टेकून छातीपर्यंत पुस्तकं. बाई आणखी ठेंगण्या झाल्या होत्या. चष्मा नवा होता.

"बाई, मी तुमची विद्यार्थिनी. सहावीची. रुमाल वाकडा शिवायची."

बाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "नाही गं आठवत. वाकडे रुमाल शिवणाऱ्या शंभर तरी असतील."

चौदा नंबरच्या मनात काहीतरी खचकन मोडलं. जिनं आपलं सगळं आयुष्य घडवलं तिला आपण आठवतसुद्धा नाही! तरी बसली, आणि कोट, चिठ्ठ्या, गाठी, सगळं घडाघडा सांगून टाकलं. बाई ऐकता ऐकता हसायला लागल्या, इतक्या की भाचेसून पाणी घेऊन धावत आली.

"मला पण बोलावलं होतं हेडबाईंनी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "शिवणाच्या तासाला कादंबऱ्या वाचते म्हणून. नोकरीवरच आलं होतं माझ्या."

"मग? काय सांगितलंत तुम्ही?"

"काहीच नाही. पोरींचे रुमाल घेऊन गेले आणि टेबलावर उलटे करून ठेवले. शिवण उलट्या बाजूनं बघायचं असतं. सुलट्या बाजूनं सगळेच साजरे दिसतात. बघून झाल्यावर हेडबाई म्हणाल्या, कोणती कादंबरी आहे? तुमची वाचून झाली की मला द्या." बाईंनी हात पुढे केला. "पुस्तक आणलंयस? वाच बघू."

तिनं वाचलं. जेमतेम दीड पान. आधी घाई झाली, मग लय सापडली. बाईंनी डोळे मिटले होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब. वाक्य संपताना शब्द असा खाली ठेवतेस, हे कोणी शिकवलं?"

"तुम्ही, बाई."

"हो ना? ही माझी खोड आहे. माझ्या आईची होती. मला वाटलं होतं, माझ्याबरोबरच जाणार." बाईंनी डोळे उघडले. "तुझं तोंड मला नाही आठवत. पण हे माझं आहे. तू माझीच."

चौदा नंबर रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. बाईंच्या पाया पडली तेव्हा बाई म्हणाल्या, "पुरे. पाणी कुठवर चढलंय ते सांगून जा."

सोमवारी ती हॉलमध्ये शिरली तेव्हा अठरा जणी सुया हातात धरून बसल्या होत्या आणि एकीनंही दोरा ओवला नव्हता. मॅडम मधल्या टेबलाशी उभ्या होत्या. शेजारी भिंगवाली. सुपरवायझर दाराशी, या वेळी हजेरीच्या कागदाशिवाय.

"मॅडम, निर्णयाच्या आधी एक विनंती आहे," चौदा नंबर म्हणाली. "माझ्या चिठ्ठीचे कोट उलटे करून बघा. बघून मग काय ते सांगा."

"बघितलेत. त्यामुळेच तर उभे आहोत आपण इथे."

"हात किती ते बघितलंत. गाठी कशा आहेत त्या बघा."

मॅडमनी एक कोट ओढला. बटण चिमटीत धरून खेचलं. हललं नाही. दुसरा कोट, तिसरा. मॅडमचा चेहरा लाल झाला, बटणं जागच्या जागी. त्या भिंगवालीकडे वळल्या. आता भिंगवालीनं डोळे खाली घातले असते तर सगळंच संपलं असतं. पण ती बाई सरळ होती. दिसलं ते सांगायचं, एवढंच तिला येत होतं.

"या गठ्ठ्यात अठरा हात आहेत, आणि एकही टाका सैल नाही," ती म्हणाली. "मागचे कागदही काढलेत मी. पूर्वी या हॉलमधून दिवसाला टोपलीभर कोट परत यायचे. सात महिन्यांपासून दोन किंवा तीन येतात."

"तिनं बटणांना हात लावणं सोडलं ना, म्हणून!" मावशी मागून ओरडली. हॉलमध्ये हशा पिकला. मॅडमही ओठ दाबून राहिल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काम चांगलं आहे, मान्य. म्हणून मी कोणाला काढत नाही. पण बटणांच्या हॉलमध्ये बटणं लावणारीच बसणार. तुम्ही आजपासून स्वतःचे कोट स्वतः करा, नोकरी शाबूत. पुस्तक घरी."

हातातोंडाशी आलेली नोकरी. मुलीचं कॉलेज. नुसतं हो म्हणायचं होतं. चौदा नंबरच्या तोंडातून शब्द निघाले ते तिचे तिलाच नवे वाटले.

"नाही मॅडम. बटणं लावायला अठरा जणी आहेत आणि प्रत्येक जण माझ्यापेक्षा बरी. वाचायला मी एकटी आहे. हे मला येतं. कोणीतरी जीव ओतून शिकवलंय मला. ते घरी ठेवून मला इथे बसता यायचं नाही. मी जाते."

सुपरवायझरनं कपाळाला हात लावला. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. आयुष्यात त्यांनी पगारवाढ मागणारे पाहिले असतील, सुट्टी मागणारे पाहिले असतील, पण वाचू दिलं नाही म्हणून नोकरी सोडणारी बाई त्यांना पहिलीच भेटत होती.

"एवढं आहे तरी काय त्या पुस्तकात?" त्या म्हणाल्या. "वाचा बघू."

ती स्टुलावर बसली. अठरा दोरे एकदम ओवले गेले. नावाड्याच्या बायकोनं कमरेला दोर बांधला होता आणि पलीकडे अडकलेल्या पोरांसाठी ती पुरात उतरत होती. दोराचं दुसरं टोक दिराच्या हातात. हा तोच दीर, ज्याला नाव आपल्या नावावर करून हवी होती. चौदा नंबरनं घाई केली नाही. प्रत्येक वाक्य संपताना दम घेतला, शेवटचा शब्द अलगद खाली ठेवला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. दिरानं वळून गावाकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. त्याच्या मुठीतला दोर सरकायला लागला. मॅडम कधी खाली बसल्या ते त्यांनाही कळलं नाही. कोटांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या, जिथे बसायला कारखान्यात सक्त मनाई आहे.

जेवणाची घंटा झाली. चौदा नंबरनं पुस्तक मिटलं.

"अहो, पुढे?" मॅडम म्हणाल्या. "सोडला का दोर त्यानं?"

"पुढचं जेवल्यावर, मॅडम."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. भिंगवालीनं भिंग काढून डोळे पुसले. मॅडम उठल्या, साडी झटकली आणि खाली निघून गेल्या. बायकांनी डबे उघडले, पण सगळ्यांच्या नजरा जिन्याकडे. दहा मिनिटांनी त्या परत आल्या. हातात नेमणुकीचा छापील कागद होता. तो त्यांनी चौदा नंबरपुढे ठेवला.

"हे भरा. चौदा नंबर मी दुसऱ्या कोणालातरी देते, बटणं लावता येणाऱ्या बाईला. तुमचा पगार तोच राहील. कामाच्या रकान्यात वाचन लिहा."

हॉलमध्ये जो गलका झाला तो खालच्या मशिनांनाही भारी पडला. दोघी जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बटणांची पेटी सांडवणाऱ्या त्याच त्या दोघी. मावशीनं सुपरवायझरच्या पाठीत धपाटा घातला. चौदा नंबरला कागद नीट दिसत नव्हता. डोळे पुसून पुसून तिनं एकेक रकाना भरला. कामाचा प्रकार, वाचन. शिक्षण, दहावी. त्याखाली एक रकाना होता, हे काम कोणाकडे शिकलात? तिथे तिनं बाईंचं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, सावकाश, आणि पुढे लिहिलं, शिवणाच्या शिक्षिका.

मॅडमनी वाचलं आणि भुवई वर केली. "वाचायला शिवणाच्या तासाला शिकलात?"

"हो."

"मग शिवण कोण शिकलं?"

"बाकीच्या पस्तीस जणी, मॅडम."

मॅडम हसल्या, त्या कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांसमोर हसल्या, आणि बाईंच्या नावाखाली त्यांनी सही केली.